पोपटीविद्येसाठी खालापुरास केलेली स्वारी

श्री उल्हास नदी आणि श्री पाताळगंगा या दोन्ही मातांस नमन करून, आणि त्यांच्यामधल्या रस्त्यावरील खड्ड्यांस त्याहून अंमळ जास्त लवून नमन करून, ही हकीकत आरंभिली आहे. कसबे कर्जत येथील ज्येष्ठ नागरिक संघ आणि कसबे खालापूर येथील ज्येष्ठ नागरिक संघ, ही दोन राज्ये परस्परांच्या वैरात असता, विद्येच्या देवघेवीसाठी कर्जतकरांनी शत्रूच्या मुलखात स्वारी केली, ती कोणत्या मसलतीने केली, तीत काय मिळाले, काय हातचे गेले आणि अखेर फत्ते कोणाची जाहली, हे पुढे म्हातारे होणारांस कळावे म्हणून सांगितले आहे. ज्यांचे गुडघे शाबूत असतील त्यांनी उभ्याने वाचावे, बाकीच्यांनी पाय वर घेऊन बसावे. थोर माणसे कोठे थोडी लहान दिसली तर कसूर लेखणीची मानू नये, माणसे तेवढीच होती.

प्रथम वैराचे मूळ. पूर्वी दोन्ही संघांचे ऐक्य बहुत होते आणि सालोसाल दोघांचे संमेलन मौजे कशेळे येथे भरत असे, कारण ती जागा कोणालाच सोयीची नव्हती, म्हणून दोघांनाही मान्य होती. ऐसीयास एके साली लिंबू-चमच्याची शर्यत लागली, आणि खालापूरचे अध्यक्ष राजश्री रामभाऊ, पूर्वी एसटीचे चालक, हे दातांत चमचा धरून असे चालले की चमच्यातले लिंबू डुगडुगलेसुद्धा नाही. पंचाच्या खुर्चीवर कर्जतचे अध्यक्ष राजश्री अप्पासाहेब, निवृत्त बँक अधिकारी, बसले होते, त्यांनी शिट्टी फुंकून जाहीर केले की लिंबास अंगठ्याचा आधार दिला. रामभाऊंनी जबाब केला की जन्मभर बोरघाटातून गाडी हाकली, तीत उतारूच्या मांडीवरचे पोर जागे होऊ दिले नाही, तेथे लिंबाची काय कथा. मग अप्पासाहेबांनी अंगठा पुढे करण्याचा हुकूम केला, आणि रामभाऊंनी तो अशा रीतीने पुढे केला की सभेतील स्त्रियांनी माना फिरवल्या. त्याच पंगतीत जिलबी अर्धी टाकून दोन्ही फौजा उठल्या. संमेलन बंद जाहले, दोन्ही संघांचा मिळून एक व्हॉट्सअॅपचा गट होता तो मोडला, आणि कोणी कोणाचे सुप्रभात स्वीकारू नये असे फर्मान दोहींकडून सुटले.

वैर अप्पासाहेबांचे आणि रामभाऊंचे, पण त्यात हकनाक मारल्या गेल्या त्या मातुश्री अनसूयाबाई. बाई कर्जतच्या जुन्या घराण्यातल्या, मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि संघाच्या महिला शाखेच्या सेनापती. त्यांची जिवाची मैत्रीण उज्वलाबाई खालापुरात राहात. तरुणपणी दोघींची पहिली नेमणूक कशेळ्यास झाली होती, आणि एकच खोली, एकच स्टोव्ह, असा दोघींचा संसार होता. एकीने पंप मारावा, दुसरीने पिन घालावी, आणि भडका झाला की दोघींनी मिळून बाहेर पळावे. आंबेडकर जयंतीस उज्वलाबाईंच्या घरून खिरीचा डबा यावा, संक्रांतीस अनसूयाबाईंच्या घरून हलवा यावा, आणि दोन्ही डबे धुऊन परत करताना अनसूयाबाईंनी ते इतके घासावेत की उज्वलाबाईंच्या आईने विचारावे, हा डबा आपलाच का. पुढे लग्ने झाली, बदल्या झाल्या, नातवंडे झाली, तरी सालातून एकदा संमेलनात भेट होई, आणि बाकीचे साल त्या भेटीवर निघे. तीही लिंबाने बुडवली.

कोणी म्हणेल, फोन होता. होता, पण उज्वलाबाईंचे कान गेले, आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलले तरच त्यांस कळे, फोनवर नुसता वारा. कोणी म्हणेल, खालापूर ते किती दूर. दूर नाही, पण एसटीची पायरी बाईंच्या गुडघ्यास किल्ल्याच्या कड्यासारखी झाली होती, आणि चिरंजीव अनुपमराव दर वेळी म्हणत की येत्या रविवारी नेतो. तो रविवार कोणत्याही पंचांगात सापडला नाही. आणि मुलाकडे पुन्हा पुन्हा मागणे हे बाईंच्या स्वभावात नव्हते. सबब संघाची गाडी खालापुरास गेली तरच भेट, एरवी नाही, अशी वस्तुस्थिती होती, आणि ही गोष्ट बाईंनी सून श्रिया हिच्याखेरीज कोणास कळू दिली नाही.

ऐशा समयी पोपटीचे प्रकरण उद्भवले. पोपटी म्हणजे थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे आणि ज्यांस चालतात त्यांस अंडी, मीठ-ओवा लावून मडक्यात भरावे, तळाशी आणि तोंडाशी भांबुर्डीचा रानपाला कोंबावा, मडके उपडे घालावे, भोवती पेंढा आणि काटक्या रचून आग द्यावी, आणि मग सगळ्यांनी हात काळे होईतो खावे. हे या मुलखाचे परंपरागत युद्ध होय. ऐसीयास कर्जत संघाच्या पोपटीस सालोसाल शिकस्त येत होती. मडके उघडले की आत उकडलेल्या गवताचा लगदा, शेंगा कडू, बटाटे ओलेचिंब, आणि सभासद ते खाऊन घरी जाऊन पुन्हा जेवत. उलट खालापूरकरांची पोपटी अशी की तिचा वास पाताळगंगेच्या पार जातो, असे त्यांचेच लोक सांगत.

बाईंनी ही संधी हेरली आणि सभेत मनसुबा मांडला की खालापुरास अभ्यासदौरा काढावा. मग मोठी मसलत भरली. विरोधी पक्षाचे म्हणणे पडले की शत्रूकडून विद्या घेणे म्हणजे आपली विद्या नाही हे कबूल करणे, आणि ते आपले कच्चे पाहून गावोगाव सांगतील. अनुकूल पक्षाने सांगितले की मोठमोठी वैरी राष्ट्रे एकमेकांची शेती आणि कारखाने पाहण्यास माणसे धाडतात, ती हसून फोटो काढतात, आणि परत येऊन आपल्या घरी सुधारणा करतात, त्यात कोणाचे नाक गेले नाही. तिसऱ्या एका पक्षाने विचारले की दौऱ्यात चहा कोणाकडून. बाईंनी शेवटी असा दाखला दिला की शत्रूचा दारूगोळा कसा भरतात हे पाहून येणारा हेर तो शूरच गणला जातो. हे ऐकताच अप्पासाहेबांस, आपण हेर आहो, हा विचार बहुत मानवला, आणि त्यांनी मंजुरीचे फर्मान काढले.

खालापुरास संदेश गेला. रामभाऊंनी दोन दिवस मौन धरले आणि मग कळवले की, या. मडकी आमची, पाला आमचा. बदल्यात तुम्ही आम्हांस मोबाइलवरून विजेचे बिल भरण्याची विद्या द्यावी. लिंबू आणू नये.

मग मोहिमेचा दिवस उजाडला. भाड्याची मिनीबस दाराशी आली, तिला खाली पाट ठेवून बाईंस वर चढवले, अप्पासाहेब चालकाशेजारी खाशांच्या जागी बसले, आणि कानटोप्या, मफलर, गोळ्यांचे डबे आणि घडीच्या खुर्च्या यांसह फौज कूच करती झाली. पळसदरी मागे पडली, खोपोलीत निम्म्या फौजेने नैसर्गिक कारणासाठी मुक्काम मागितला, तो दिला. पाताळगंगा ओलांडताना गाडीत एकाएकी शांतता पसरली, आणि अप्पासाहेबांनी हलक्या आवाजात बजावले की कोणी खोकू नये. दूर द्रुतगती महामार्गाच्या नाक्यावर मोटारींची रांग लागली होती, ती पाहून एका वीराने म्हटले की बरे झाले, आपल्यास तेथे कोणी अडवले नाही.

रामभाऊंच्या शेतावर दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. अध्यक्षांनी अध्यक्षांशी हस्तांदोलन केले, आणि दोघांनीही प्रथम एकमेकांच्या अंगठ्याकडे पाहिले. मग गुलाबाची फुले, मग भाषणे, मग अप्पासाहेबांनी बिल भरण्याची विद्या देण्यास मोबाइल बाहेर काढला, तो शेतात रेंज नव्हती. सबब ती विद्या तोंडीच देण्यात आली, आणि खालापूरकरांनी ती डोळे मिटून ग्रहण केली.

अनसूयाबाईंस मुख्य निरीक्षक नेमले होते. त्यांनी निरीक्षण असे केले की आंब्याखाली खुर्चीवर कोण बसले आहे, साडी कोणती, केस किती पांढरे झाले, आणि अंगाने किती वाळली. मग आपली खुर्ची ओढून तिच्या उजव्या कानास लावून बसल्या, आणि दोघींनी कोणाच्याही आगमनाची दखल घेणे सोडून दिले. काय बोलल्या ते सगळे सांगण्याजोगे नाही. गुडघे, सुना, गेलेल्यांची नावे, कशेळ्याची खोली पाडून तेथे मोबाइलचे दुकान झाले ते, आणि त्या घरमालकिणीची नक्कल उज्वलाबाईंनी करून दाखवली, ती अजून हुबेहूब जमत होती.

तेसमयी पुढ्यात मडकी भरली जात होती आणि कर्जतकर चोहो बाजूंनी त्यांचे फोटो काढत होते. रामभाऊंनी भांबुर्डीचा पाला हातावर झटकला आणि कोंबला. शेंगा पोत्यातून निघाल्या, फडक्यावर चोळल्या आणि आत गेल्या. पाण्याचे पिंप चार हातांवर होते. बोलता बोलता बाईंची नजर त्या पिंपाकडे गेली, आणि मडक्याकडे गेली, आणि परत पिंपाकडे गेली. कोणीही पिंपाजवळ फिरकले नव्हते. तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कर्जतेस पाला तीन पाण्यांतून काढला जाई, शेंगा दोन पाण्यांतून, आणि मडके आतून विसळून ओलेच भरले जाई, आणि हा कायदा दुसऱ्या कोणाचा नव्हे, सेनापती बाईंचा स्वतःचा होता. जन्मभर मुलींस शिकवले ते त्यांनी पोपटीसही शिकवले होते.

"तोंड का उतरलं गं एकदम?" उज्वलाबाईंनी विचारले.

बाई कानाशी वाकल्या. "आम्ही सगळं धुतो. पाला, शेंगा, मडकंसुद्धा."

"कोण धुतं?"

"मीच धुवायला लावते."

उज्वलाबाई इतक्या हसल्या की खुर्चीने कुरकुर केली. "त्यात नवीन काय हाय? कशेळ्याला मी लक्ष ठेवलं नसतं तर तू मीठसुद्धा धुतलं असतंस."

मग आग पेटली. उज्वलाबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि धूर त्या बाजूस जात नव्हता.

"आता परत कधी गं येशील?"

"आता कशाला आणतील? विद्या मिळाली. अप्पा म्हणतील, झालं काम."

उज्वलाबाईंनी हातातली काडी आगीत टाकली. "मग शिकू नको."

एवढेच बोलणे त्या दिवशी महत्त्वाचे झाले. बाकी पोपटी उत्तम निघाली. रामभाऊंनी तापल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारला, तो चर्र होऊन उडाला, तेव्हा शिजली असे जाहीर केले, केळीच्या पानांवर मडकी उलटली, आणि दोन्ही राज्यांच्या प्रजेने एकमेकांच्या पानात हात घालून खाल्ले. अप्पासाहेबांनी तीनदा घेतले आणि प्रत्येक वेळी म्हटले की हे केवळ अभ्यासासाठी.

कर्जतेस परतल्यावर आठवड्याने दौऱ्याचा नफा-तोटा तोलण्यासाठी सभा भरली. फोटो पाहिले तो त्यांत ज्वाळा होत्या, रामभाऊंची पाठ होती, अप्पासाहेब खाताना होते. पाणी न घालणे हे फोटोत येत नाही. आणि धुणे ही कर्जतकरांच्या मते कृती नव्हती, तो स्वच्छतेचा संस्कार होता, म्हणून त्याविषयी कोणास शंकाच आली नाही. बाई शपथ घातल्यासारख्या गप्प होत्या. मग अप्पासाहेबांनी हुकूम केला की दौऱ्याचा लाभ प्रत्यक्ष पाहावा. भिवपुरीस त्यांच्या पुतण्याचे शेत आहे, तेथे येत्या रविवारी प्रयोग करावा. पोपटी साधली तर विद्या हस्तगत झाली, खालापुरास पुन्हा जाण्याचे प्रयोजन उरले नाही. पोपटी फसली तर दौरा व्यर्थ ठरला, मग पुन्हा जाणे तर मूर्खपणाच. असा निवाडा करून अप्पासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, आणि त्यांस आपल्या निवाड्याची धार फार आवडली.

बाई घरी आल्या आणि त्यांस काही सुचेना. जिंकले तरी भेट गेली, हरले तरी गेली. जन्मभर त्यांनी जिंकावे कसे हे शिकवले होते, क्वचित हरावे कसे हेही शिकवले होते, पण या दोहोंच्या मधे उभे कसे राहावे हे कोणत्याही पाठात नव्हते. दुपारी आडव्या झाल्या, पंख्याकडे पाहात राहिल्या, भाजी निवडताना शेंगा सालींत आणि साली पातेल्यात टाकल्या, आणि मग अकस्मात उठून अप्पासाहेबांस फोन लावला. तजवीज अशी सांगितली की प्रयोग शास्त्रशुद्ध हवा, सबब मडकी दोन घ्यावीत, एक अध्यक्षांच्या देखरेखीखाली आणि एक आपल्या. अध्यक्षांच्या हाताखालील मडक्यासाठी पाला शेतावरच तोडून, आहे तसा, झटकून भरावा, शेंगाही तशाच कोरड्या मडक्यात घालाव्या, म्हणजे ताजेपणा राहील. आपला पाला आणि शेंगा आपण घरून आणू. शास्त्रशुद्ध हा शब्द ऐकून अप्पासाहेबांनी तात्काळ रुकार दिला.

रविवारी सकाळी श्रिया मागील दारी आली तो सासूबाई बादलीत भांबुर्डी बुडवून बसलेल्या. "आई, तिकडे कुणी धूत नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना?" तिने विचारले. बाईंनी वर पाहिले नाही. पाला पिळला नाही, निथळू दिला नाही, तसाच ओल्या फडक्यात गुंडाळला, आणि शेंगांकडे वळल्या. श्रिया क्षणभर उभी राहिली. मग तिने बादली उचलली, ओतली, आणि पुन्हा काठोकाठ भरून आणून ठेवली.

भिवपुरीचे रण त्या दिवशी मोठे जुंपले. दोन्ही मडकी शेजारी शेजारी उपडी घातली, एकाच पेंढ्याने वेढली, एकाच काडीने पेटवली. अप्पासाहेब आगीभोवती प्रदक्षिणा घालत होते आणि दर फेरीस एक काटकी टाकून मागे सरून पाहात होते. बाई आपल्या मडक्यापाशी हात बांधून उभ्या होत्या, आणि त्यांच्या मनात एकच धास्ती होती की आग फार कडक होऊन पाणी आटेल आणि पोपटी चुकून साधेल. सबब कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यांनी आपल्या बाजूची दोन जळती लाकडे काठीने अध्यक्षांच्या बाजूस सरकवली. त्या दिवशी सगळ्या फौजेत एवढे धाडस दुसऱ्या कोणी केले नाही.

मग मडकी उघडली. अप्पासाहेबांच्या मडक्यातून असा खमंग वास सुटला की पुतण्याचा कुत्रा बांधावरून उठून आला. शेंगा मऊ, बटाट्यांची साल सुरकुतलेली, अंडी धुरकट पिवळी. सभासदांनी टाळ्या वाजवल्या आणि अप्पासाहेबांच्या डोळ्यांत धूर गेला. मग बाईंचे मडके उलटले. प्रथम पाणी आले. मग हिरवा लगदा आला. मग शेंगा आल्या, त्या कोणी उचलल्या नाहीत. कोणी हसले नाही, कारण बाईंस त्या मुलखात अर्ध्या बायकांची बाई म्हणून मान होता, आणि जमलेल्यांपैकी दोघींनी त्यांच्या हातून छड्या खाल्ल्या होत्या. त्यांतली एक पुढे होऊन म्हणाली, "बाई, मनाला लावून घेऊ नका." बाईंनी मान हलवली.

तेथेच सभा झाली. दोन मडकी, एक आग, एकच मीठ, आणि एक साधले, एक फसले, हे कसे, यावर तक्रीर चालली. कोणी म्हणाले, वाऱ्याची दिशा. कोणी म्हणाले, माती. कोणी अप्पासाहेबांच्या हाताचा गुण म्हणाले, ते अप्पासाहेबांनी हरकत न घेता ऐकून घेतले. अखेर त्यांनी निवाडा केला, तो असा: विद्या निम्मी आली, निम्मी खालापुरातच राहिली. दौरा व्यर्थ गेला असे म्हणवत नाही, आणि पुरा फळला असेही म्हणवत नाही. निम्म्या विद्येवर थांबणे हे कोणत्याही राज्यास शोभत नाही, सबब पुढील थंडीत खालापुरास पुन्हा स्वारी करावी, आणि विद्या पुरी होईतो सालोसाल करावी. आणि चूक अनसूयाबाईंच्या मडक्यात झाली, म्हणून शासन त्यांसच. प्रत्येक स्वारीत त्यांनी जातीने गेले पाहिजे, आणि अखेरपर्यंत आगीपाशी बसून लक्ष दिले पाहिजे.

बाईंनी पदर तोंडास लावला. लोकांनी माना फिरवल्या, की एवढ्या मानी बाईचे रडणे पाहू नये. श्रियानेही मान फिरवली, पण तिचे खांदे हलत होते.

मग पाने मांडली. अध्यक्षांच्या पोपटीवर सगळे तुटून पडले, आणि बाईंसही आग्रहाने वाढू लागले, तो त्यांनी हात आडवा धरला आणि सांगितले की ज्याने रांधले त्याने ते टाकू नये. आपल्या मडक्यातल्या शेंगा पानावर घेतल्या आणि ताठ बसून, एकेक सोलून, सावकाश सगळ्या खाल्ल्या. कडू होत्या. येणेप्रमाणे कर्जतकरांची फत्ते जाहली, ती नोंदली आहे.